२५६ बिट म्हणजे प्रोटोकॉल सुरक्षित, असं नाही
काल बाबांनी एक फॉरवर्ड पाठवला. खाली एवढंच, "हे खरं आहे का गं?" क्रिप्टोग्राफिक प्रोटोकॉल, म्हणजे दोघांनी कोणते गुप्त निरोप कोणत्या क्रमाने पाठवायचे याचे नियम, ते खरंच सुरक्षित आहेत का हे गणिताने पडताळण्यावर काम करायला मी तीन महिन्यांसाठी दुसऱ्या विद्यापीठात पाहुणी विद्यार्थिनी म्हणून आले आहे, आणि मेसेज म्हणतो की हे सगळं वेळ घालवणं आहे. का? तर २५६ बिटांच्या किल्लीने केलेलं एन्क्रिप्शन (निरोप कुलूपबंद करणं) फुटत नाही, प्रोटोकॉल तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं तपासलेले असतात, 'सिद्ध' झालेलं वायफायही फुटलंच, आणि उरलेलं सॉफ्टवेअर एका क्लिकवर करतं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो चटकन पटतो. दोघांनी एकमेकांची ओळख पटवायचा १९७८चा नीडहॅम-श्रोडर प्रोटोकॉल घ्या. तीनच निरोप. अलका एक नवा गुप्त आकडा आणि आपलं नाव बाळूच्या सार्वजनिक किल्लीने (तिने कुणीही बंद करावं, उघडू फक्त बाळू शकतो) बंद करून पाठवते. बाळू तो आकडा आणि स्वतःचा एक आकडा अलकाच्या किल्लीने बंद करून पाठवतो. अलका बाळूचा आकडा त्याला परत करते. ओळख पटली.

आता अलकाने चंदूशी बोलायला सुरुवात केली आणि चंदू लबाड आहे. तिचा निरोप त्यालाच असल्यामुळे तो उघडतो आणि बाळूच्या किल्लीने पुन्हा बंद करून पुढे ढकलतो. बाळूचं उत्तर त्याला उघडता येत नाही, म्हणून जसंच्या तसं अलकाला देतो. ती उघडते आणि आतला आकडा चंदूलाच पाठवते. चंदू तो बाळूकडे पोचवतो. बाळूला वाटतं, समोर अलकाच आहे. एकही किल्ली फुटलेली नाही!

हा हल्ला संशोधक गॅविन लोव यांनी १९९५ साली दाखवला. म्हणजे १७ वर्षांनी. तज्ज्ञांच्या नजरेचं काय, ते यातच आलं. मधल्या काळात बॅन लॉजिकने, म्हणजे प्रोटोकॉल तपासायच्या एका तर्कपद्धतीने, तपासूनही तो निसटला होता, कारण बोलणारे प्रामाणिकच आहेत असं त्यात धरलं होतं.

वायफायचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीत जोडणी करताना किल्ली ठरवायचे जे निरोप असतात (हँडशेक), त्यांची सिद्धता होती, तरी २०१७ साली क्रॅक हल्ला झाला. हँडशेकमधला तिसरा निरोप पुन्हा आला की उपकरण तीच किल्ली नव्याने बसवायचं आणि प्रत्येक निरोपाला वेगळा क्रमांक देणारी मोजणी मागे जायची. किल्ली कधी बसते, हे त्या सिद्धतेच्या मॉडेलमध्ये नव्हतंच. यातून मॉडेल अपुरं होतं एवढंच निघतं. वेबसाइटशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या टीएलएस १.३ या प्रोटोकॉलचे मसुदे २०१८ साली पक्के होण्याआधीच टॅमरिन, प्रोव्हेरिफ ही पडताळणीची सॉफ्टवेअर वापरून तपासले गेले आणि एका प्रस्तावातला दोष तेव्हाच सापडला.

एका क्लिकचं म्हणाल तर, प्रोटोकॉल एकाच वेळी कितीही वेळा चालू शकतो असं धरलं की तो सुरक्षित आहे का, हा प्रश्न सर्वसाधारणपणे अनिर्णेय आहे, म्हणजे दर वेळी उत्तर देईलच असा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. माझं एक लेमा (सॉफ्टवेअरला सिद्ध करायला दिलेलं विधान) परवा रात्रभर चाललं आणि सकाळी मेमरी संपून बंद पडलं.

बाबांना ते तीन निरोप कागदावर काढून फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, "अगं, दुसऱ्या निरोपात बाळूने आपलं नाव का नाही घातलं?" लोव यांची दुरुस्ती नेमकी हीच आहे.