'मेलेला किडा, खोटा फोटो': फोकस स्टॅकिंगवरच्या फिरत्या मजकुराचा समाचार

कीटकांच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे करून काढलेल्या, फोटोंबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र ठरलेला: 'मिशांपासून पंखांपर्यंत सगळं लख्ख दिसणारा फोटो दिसला की समजा, किडा मारलेला आहे, निदान फ्रिजमध्ये गारठवलेला तरी आहे. त्याचे मोटरच्या रेलवर शेकडो फोटो काढतात आणि नसलेला तपशील सॉफ्टवेअर भरतं. खरा फोटोग्राफर अॅपर्चर एफ/२२ करतो आणि एकाच क्लिकमध्ये काम संपवतो.'

हा मजकूर ज्या पद्धतीला नावं ठेवतो ती फोकस स्टॅकिंग: फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि त्यांतले स्पष्ट भाग जोडून एक फोटो करायचा. मोटरची रेल म्हणजे त्यासाठी कॅमेरा बारीक पावलांनी सरकवणारी पट्टी. यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची सरळ चूक आहेत. शेवटचा सल्ला नवशिक्याचं सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

एफ/२२ केलं की स्टॅकिंगची गरज नाही, असं म्हणणाऱ्याने मॅक्रोमध्ये एफ/२२ म्हणजे प्रत्यक्षात किती होतं हे पाहिलेलं नसतं. अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान. लेन्स जितकी जवळ फोकस करते तितकं तिचं परिणामी, म्हणजे प्रत्यक्षातलं, अॅपर्चर लहान होत जातं. ढोबळ हिशोब सोपा आहे: मॅग्निफिकेशनमध्ये (सेन्सरवरची प्रतिमा किड्याच्या किती पट आहे त्यात) एक मिळवायचा आणि त्याने लेन्सवरच्या आकड्याला गुणायचं. १:१ ला, म्हणजे प्रतिमा किड्याएवढीच असताना, एफ/२२ म्हणजे परिणामी एफ/४४. (निकॉनचे कॅमेरे त्यांच्या मॅक्रो लेन्सवर हा परिणामी आकडाच दाखवतात. फोकस जवळ आणला की आकडा आपोआप वाढताना पाहून अनेकांना लेन्स बिघडल्यासारखी वाटते.) एफ/४४ ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण ०.०६ मिमीचा ठिपका होऊन पडतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा. म्हणजे एक बिंदू दहा पिक्सेल रुंदीत पसरला. हा मऊपणा नंतर शार्पनिंगने पुरता जात नाही, फक्त त्याच्या कडा खरखरीत होतात.

बरं, एवढं गमावून मिळतं काय? फुल फ्रेमवर नेहमीचा निकष धरला (सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका स्पष्टच मानायचा) तर १:१ ला एफ/८ वर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, सुमारे १ मिमी, एफ/२२ वर अडीच मिमीच्या थोडी वर. मधमाशी समोरून घेतली तर डोकं आणि छातीचा पुढचा भाग, बस. पंख तेव्हाही धूसरच. आणखी जवळ गेलात तर परिस्थिती बिकट होते. कॅननची एमपी-ई ६५ मिमी किंवा लाओवाची २५ मिमी ही खास मॅक्रो लेन्स घेऊन ५ पटीला एफ/१६ लावा: परिणामी एफ/९६. माशीच्या संयुक्त डोळ्यातलं एकेक भिंग साधारण ०.०२ मिमीचं असतं. ज्या जाळीसाठी एवढ्या जवळ गेलो, तीच या अॅपर्चरला पुसट होते. याच ५ पटीला एफ/२.८ वर डेप्थ ऑफ फील्ड ०.०४ मिमीच्या आसपास, पण तेवढ्या पट्ट्यात लेन्स जे देऊ शकते ते सगळं मिळतं. स्टॅकिंग हे दुसरं काही नाही: असे स्वच्छ पट्टे एकामागून एक घ्यायचे आणि जोडायचे.

आता मेलेल्या किड्याकडे. या दाव्याचा उगम कुठे आहे ते मला कळतं. यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या मधमाशी प्रयोगशाळेचे काळ्या पार्श्वभूमीवरचे फोटो सगळीकडे दिसतात. त्या माश्या नमुने म्हणून गोळा केलेल्या असतात, त्या धुऊन, वाळवून, केस फुलवून फोटोला ठेवतात. लेव्हन बिस या छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या कीटकांच्या प्रचंड प्रतिमा २०१६ मध्ये मांडल्या, तेव्हा एकेका प्रतिमेत सुमारे ८ हजार फोटो होते. तेही संग्रहातले नमुने. हे कोणी लपवलेलं नाही, ते काम नमुन्यांचंच आहे. चूक होते ती हे पाहून शेतात, बागेत काढलेला प्रत्येक स्टॅकही तसाच असणार असं ठरवण्यात. ही दोन वेगळी कामं आहेत आणि फिरत्या मजकुरात त्यांची खिचडी झाली आहे.

जिवंत कीटक स्थिर बसतात, फक्त त्यांची वेळ गाठावी लागते. चतुराला उडायला छातीचे स्नायू गरम लागतात, त्यामुळे गार पहाटे तो दवाने भिजलेला काडीवर तसाच असतो. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या, अमेजिला वंशातल्या, संध्याकाळी बारीक काडी जबड्यात धरतात आणि पाय पोटाशी घेऊन नुसत्या जबड्यावर लोंबकळत झोपतात. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत त्या तशाच असतात. फोकस स्टॅकिंगसाठी यापेक्षा सोयीचं मॉडेल मला माहीत नाही. दरोडेखोर माशी सावज दिसेपर्यंत फांदीच्या टोकावर ठाण मांडते. अशा वेळी खरा शत्रू किडा नसून वारा असतो.

गारठवून फोटो काढणारे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो फोटो बहुतेक वेळा ओळखू येतो. पाय पोटाखाली दुमडलेले, मिशा ढिल्या, आणि बाहेरच्या दमट हवेत आल्यावर अंगभर सारखं बाष्प जमलेलं. मेलेल्याची खूण आणखी सोपी: डोळे बघा. चतुराच्या डोळ्यांतले हिरवे-निळे रंग मेल्यानंतर उतरतात आणि काळपट तपकिरी होतात. गोमाशीच्या डोळ्यांवरचे चमकते पट्टेही सुकल्यावर नाहीसे होतात. डोळ्यांत ते पट्टे झळकत असतील तर ती मारून, वाळवून टाचलेली नाही. मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढं बघितलं तरी पुरे. माझं मत विचाराल तर, फ्रिज वापरून वाचलेला वेळ पुढे फोटोतली मरगळ लपवण्यातच जातो.

मोटरच्या रेलबद्दल थोडक्यात. १० पटीचं मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्ह लावलं की डेप्थ ऑफ फील्ड ०.०१ मिमीच्याही आत येते. दर पावलाला काही मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) सरकायचं काम हाताने होत नाही, तिथे मोटरची रेल, जड बैठक आणि न हलणारा नमुना हवाच. मैदानी कामाला नाही. ऑलिंपसच्या ई-एम१ ला २०१५ मध्ये फर्मवेअरमधून फोकस स्टॅकिंग मिळालं, निकॉनच्या डी८५० मध्ये २०१७ साली फोकस शिफ्ट आलं, आता अनेक कॅमेरे फोकस स्वतः सरकवत फ्रेम घेतात. तेही नसेल तर हात आहेत. रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे क्लोज-अप भिंग टेलिलेन्सवर चिमट्याने बसतं, किंवा मॅक्रोसाठी जुनी ५० मिमी लेन्स उलटी लावता येते. डाव्या हाताच्या बोटांत काडी धरा आणि लेन्सचं टोक त्याच हातावर टेकवा. मग किडा आणि कॅमेरा एकत्रच हलतात. मिशांच्या टोकाच्या किंचित अलीकडे फोकस ठेवून शटर दाबून धरा आणि अंग अगदी हळू पुढे झुकवा. १५-२० फ्रेम येतात, त्यातल्या ८-१० कामाच्या निघतात. फ्लॅश कमी पॉवरवर ठेवला की एकेक झोत सेकंदाच्या हजारो हिश्श्यांपैकी एक एवढाच असतो, त्यात हाताची थरथर गोठते आणि फ्लॅश पुढच्या फ्रेमसाठी तयारही असतो.

पैसे आणि वेळ घालवायचाच असेल तर डिफ्युझरवर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या पडद्यावर, घालवावा. भुंग्याच्या चकचकीत पाठीवर उघडा फ्लॅश पडला की पांढरा डाग पडतो, आणि हातातल्या स्टॅकमध्ये फ्लॅश कॅमेऱ्याबरोबर सरकत असल्याने तो डाग दर फ्रेमला थोडा हलतो. जोडणीत त्याची ओढलेली पांढरी रेघ होते. 'हे फोटो प्लॅस्टिकसारखे दिसतात' ही तक्रार बरेचदा खरी असते, फक्त दोष स्टॅकिंगचा नसून प्रकाशाचा असतो. किड्याला जवळजवळ टेकेल इतका जवळ आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा डिफ्युझर ठेवला की तो डाग पसरून मऊ होतो.

राहिलं सॉफ्टवेअर. हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर फ्रेम एकमेकींवर बसवतात, मग डेप्थ मॅप पद्धतीत प्रत्येक जागी कोणती फ्रेम सर्वात स्पष्ट आहे ते ठरवून तिथला भाग उचलतात. पिरॅमिड पद्धतीत लहानमोठ्या तपशिलांचे थर वेगळे करून जोडतात. ही दुसरी पद्धत एकमेकांवरून जाणाऱ्या केसांना चांगली, पण नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही वाढवते. नवा तपशील दोन्हींत तयार होत नाही. जी जागा एकाही फ्रेममध्ये फोकसमध्ये नव्हती ती शेवटीही धूसरच राहते. मधली एक फ्रेम चुकली की अंगावर धूसर पट्टा उमटतो, तो हमखास चुगली करतो.

चुका होतात, त्या वेगळ्या जातीच्या. पुढच्या केसांभोवती धूसर कडा राहते. मुंगीने मधेच मिशा हलवल्या तर चार मिशांची मुंगी तयार होते. मग ज्या एका फ्रेममध्ये मिशा जागेवर आणि स्पष्ट आहेत त्या फ्रेममधून तेवढाच भाग ब्रशने आणायचा. त्यात बनवाबनवी दिसणाऱ्यांनी मूळ फ्रेम मागून बघाव्यात.

आणि प्रत्येक किड्याला स्टॅक लागतो असंही नाही. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू बाजूने, सेन्सर पंखाला समांतर धरून घेतलं तर एफ/८ ची एकच फ्रेम पुरते.