पडीक कुणाला म्हणता?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर माझ्या आतेभावाने लिहिलं, 'मिठागरं पडीकच आहेत ना? तिथे गरिबांना घरं मिळाली तर ताईच्या पोटात का दुखतं?' विषय होता कांजूर, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांच्या २५५.९ एकर जमिनीचा, जी धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी द्यायचं ठरलं आहे. भराभर अंगठे उमटले. काकांचासुद्धा. मी उत्तर लिहिलं, खोडलं, आणि रात्री दोनपर्यंत जागी राहिले.

पडीक! मी मुलुंड पूर्वेची. लोकलने कांजूर सोडलं की उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. पावसाळ्यात ढीग नसायचे, नुसतं पाणी. तेव्हा वाटायचं, मिठागर आता बंद. खरं तर त्याचं मोठं काम तेव्हाच सुरू व्हायचं. डोंगराकडून नाल्यांनी उतरणारं पाणी ठाण्याच्या खाडीकडे निघतं, आणि भरती असली की खाडी ते आत घेत नाही. मग ओहोटी लागेपर्यंत त्याने थांबायचं कुठे? खाजणात, तिवरांत, मिठागरात. तिथे भराव टाकला की तेच पाणी मागे वळतं आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात थांबतं. चार महिने अख्ख्या उपनगराचं पाणी सांभाळणाऱ्या जमिनीला पडीक म्हणायचं, कारण तिच्यावर कुणी भाडं घेत नाही?

मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला राहते, समुद्रसपाटीच्या खाली. डेल्फलंडचं, म्हणजे इथलं पाणी सांभाळणाऱ्या मंडळाचं, बिल दरवर्षी येतं, मी ते भरते. २०२३च्या मार्चमध्ये त्यांच्या निवडणुकीत मतही दिलं. मागच्या गल्लीतल्या एकाला गाडी लावायला घराशेजारचा स्लोट, म्हणजे पाण्याचा चर, बुजवायचा होता. उत्तर आलं, आधी पाण्याला तेवढीच जागा जवळपास खणून द्या. त्याने नाद सोडला. नायमेखन शहरासमोरच्या लेंट गावात तर वाल नदीला जागा हवी म्हणून बांधच ३५० मीटर मागे नेला, पन्नासएक घरं पाडून. तिथेही लोक रडले, भांडले. पण नदीकाठची जागा पडीक आहे, असं कुणी म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

यावर भावाचं म्हणणं, 'डचांनी अख्खा समुद्र बुजवला, आणि तू आम्हाला शिकवतेस?' बुजवला नाही रे, उपसला. आणि उपसलेल्या प्रत्येक तुकड्यात पाण्यासाठी चर सोडले. १९५३च्या एका रात्रीत इथे १,८३६ माणसं गेली, ते हे लोक विसरत नाहीत. आपल्याकडे २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इथे अख्ख्या वर्षात सरासरी तेवढा पडत नाही. म्हणजे पाणी थांबवायला जास्त जागा कुणाला हवी? मिठी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवर भराव टाकून आपण वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. इंग्रजांच्या काळातली गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची, ती ५०ची करा असं ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांच्या योजनेचा, अहवाल १९९३मध्येच सांगून गेला. पण गटार दुप्पट रुंद केलं तरी त्याचं तोंड भरतीच्या पाण्याखालीच राहणार असेल, तर? पंप बसवलेत, ठीक आहे. पंपाने पाणी ढकलायचं आणि पैसे न घेता ते धरून ठेवणारी जमीन बुजवायची, हा कुठला हिशेब?

गरिबांना घर नको, असं मी कधीच म्हणणार नाही. पण सगळ्यांत सखल जागा नेमकी त्यांच्याच वाट्याला का यावी?

हे सगळं मी लिहिलं. लांबलचक. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, 'ताई, तुमची बिल्डिंग कशावर उभी आहे?'

भरावावर. १९८४मध्ये बाबांनी घर घेतलं तेव्हा खाली डेब्रिस आणि माती टाकून प्लॉट तीन-साडेतीन फूट उचललेला होता. आमच्याकडे कधीच पाणी शिरलं नाही, आई हे पाहुण्यांना अभिमानाने सांगायची. मागच्या बैठ्या चाळीत मात्र दर जुलैत शिरायचं. चाळीतल्या म्हाताऱ्या काकू सांगायच्या, बिल्डिंगच्या आधी पाणी उंबऱ्याला लागून परत जायचं. माझी वर्गमैत्रीण आणि तिची आई गादी, स्टोव्ह, दप्तर घेऊन आमच्या जिन्यात बसायच्या. आई त्यांना चहा द्यायची. आपण किती चांगले शेजारी आहोत, असं मला वाटायचं.

ते घर आम्ही २०१६मध्ये विकलं. त्या पैशांतला मोठा वाटा या डेल्फ्टच्या घरात आहे. इथल्या पाण्यासाठी मी मत देते. मुलुंडच्या त्या नाल्याबद्दल वॉर्ड ऑफिसात एक अर्जही कधी केला नाही. आता माझं नाव तिथल्या मतदारयादीतही नाही. भावाचं आहे, आणि त्याच्या तळमजल्याच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी पाणी शिरलं होतं, ते त्याने ग्रुपवर टाकलं नाही. मला आत्याकडून कळलं.

मी त्याला लिहिलं, 'भरावावर आहे. म्हणूनच सांगतेय.' निळ्या खुणा उमटल्या आहेत. आज पाचवा दिवस, त्याचं उत्तर नाही. तिकडे पाऊस सुरू झाला की मी अजूनही भरतीची वेळ बघते, मुलुंडची.