सँड्स ऑफ टाइमचा रिमेक रद्द झाला ते बरं झालं? अजिबात नाही

जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने एका दमात सहा गेम रद्द केले, त्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या गेमचा रिमेकपण, म्हणजे तोच गेम नव्याने बनवायचं कामपण, गेलं. तेव्हापासून एकच मेसेज माझ्याकडे वेगवेगळ्या ग्रुपवरून फिरून फिरून येतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. क्लासिकला हात लावायचा नसतो. मूळ गेम आहे ना, तो खेळा. रिमेक म्हणजे पैसे उकळायचा धंदा. ज्यांनी गेम बनवला त्यांचा अपमान. आणि शेवटी हमखास, हे काम पुण्या-मुंबईच्या पोरांना द्यायलाच नको होतं, त्यांनीच वाट लावली. प्रत्येक वेळी वाचून सोडून दिलं, पण आता राहवत नाही. हा गेम मी सांगलीत मामेभावाच्या पीसीवर, अख्खी मे महिन्याची सुट्टी घालून संपवलाय, आणि त्याच्याबद्दल कोणी काहीही ठोकून दिलं की आतून लागतं.

पहिला मुद्दा, क्लासिकला हात लावायचा नसतो. मग सँड्स ऑफ टाइम आला कुठून? जॉर्डन मेकनरने मूळ प्रिन्स ऑफ पर्शिया 1989 मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर काढला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम बघून प्रिन्सची हालचाल काढली, म्हणून तो प्रिन्स त्या काळातल्या बाकी गेममधल्या बाहुल्यांसारखा न वाटता खरा माणूस पळतोय असा वाटायचा. तो क्लासिक होताच. मग 1999 मध्ये कोणीतरी त्याला हात लावला, प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी काढला, आणि तो आपटला. बग होते, कंट्रोल जड होते, लोक वैतागले. त्या दिवशी जर सगळ्यांनी हेच ठरवलं असतं की बघा, सांगत होतो ना, क्लासिकला हात लावू नका, तर 2003 चा सँड्स ऑफ टाइम कधी निघालाच नसता. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने एक प्रयत्न फसलेला असताना तोच महाल, तेच सापळे, तीच कड्याला लटकायची स्टाइल परत घेतली, मेकनरला लिहायला बसवलं, आणि चूक झाली की वेळ मागे फिरवायचा खंजीर प्रिन्सच्या हातात दिला. म्हणजे आपण ज्याला ‘हात लावू नका’ म्हणतोय तो गेमच जुन्या क्लासिकला हात लावून झालेला आहे. आणि त्यांनी जुना पुसला नाही. कन्सोलवरच्या सँड्स ऑफ टाइममध्ये 1989 चा मूळ गेम आत लपवून ठेवला होता, शोधून काढला की खेळता यायचा. नवा आणि जुना एकाच डिस्कवर. मला तर रिमेक कसा करावा याचा याहून चांगला नमुना माहीत नाही.

आता दुसरा, आणि हा सगळ्यात जास्त फेकला जातो. मूळ गेम आहे ना, तो खेळा.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता, वय 13. प्रिन्सबद्दल माझ्याकडून इतकं ऐकलंय की म्हणाला मामा, लाव ना तो गेम. लॅपटॉपवर विकत घेऊन टाकला. सुरू केला तर वाइडस्क्रीनचा सपोर्टच नाही, हा गेम चौकोनी मॉनिटरच्या जमान्यातला, प्रिन्स असा आडवा ताणलेला की कोणीतरी वरून दाबलाय. मग मी फॅन लोकांनी बनवलेल्या फाइली शोधल्या, फोल्डरमध्ये टाकल्या, एक चालली नाही, दुसरी चालली, सेटिंग परत केल्या, तोवर पोरगा फराळाचं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला होता. त्याला परत बोलावला. आणि एकदा सुरू झाल्यावर काय रमला तो! भिंतीवरून आडवा पळत जाऊन खांबाला लटकायचं, तिथून उडी, चुकली की खंजीर दाबून वेळ मागे, परत उडी. प्रिन्स मेला की त्याचाच आवाज येतो, नाही नाही, असं नव्हतं झालं, कारण अख्खा गेम म्हणजे तो कोणाला तरी सांगत असलेली गोष्ट आहे. हे भाच्याला इतकं आवडलं की दोनदा मुद्दाम खाली पडून ऐकलं. तीन दिवस हा पोरगा घराबाहेर पडला नाही.

चौथ्या दिवशी लिफ्टवाली फाइट आली. ज्यांनी खेळलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये प्रिन्स आणि त्याची साथीदार फराह, जागा एवढीशी, चारी बाजूंनी वाळूचे राक्षस येतच राहतात, कॅमेरा मधेच कुठंतरी जाऊन बसतो, मागून कोण मारतंय दिसत नाही, आणि फराह मेली तरी गेम ओव्हर. तेव्हा आम्ही हे दात खाऊन केलं कारण दुसरा गेम नव्हता, सुट्टी मोठी होती आणि हरून उठायची लाज वाटायची. भाच्याने आठ-नऊ वेळा ट्राय केला आणि लॅपटॉप बंद केला. त्याचा हा आळस नाही. या गेमच्या फाइट तेव्हासुद्धा त्याच त्याच वाटायच्या, आणि कॅमेऱ्याचं तंत्र गेल्या 20 वर्षांत कुठल्या कुठे गेलंय, ते वापरून आज हीच जागा नीट करता येते. ‘मूळ गेम खेळा’ म्हणणाऱ्यांनी शेवटचा कधी खेळलाय हे एकदा स्वतःला विचारावं. आठवणीतला गेम आणि हार्ड डिस्कवरचा गेम यात फरक पडलेला असतो.

शिवाय ‘मूळ गेम आहेच’ हे गृहीत धरणंच धोक्याचं आहे. जुने गेम जतन करणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये अभ्यास करून सांगितलं की अमेरिकेत 2010 च्या आधी निघालेल्या क्लासिक गेमपैकी 87 टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. सँड्स ऑफ टाइम अजून मिळतो, हे त्याचं नशीब. पुस्तक कपाटात पडून राहिलं तरी 50 वर्षांनी उघडून वाचता येतं, गेमचं तसं नाही. मशीन बदललं, विंडोज बदललं, ग्राफिक्स कार्ड बदललं की काहीतरी मोडतंच, आणि ते दुरुस्त करायला कोणीतरी पगारी माणूस लागतो, दरवेळी फॅन लोकांच्या जिवावर किती दिवस चालणार.

पैसे उकळायचा धंदा, यावर फार बोलत नाही. कंपनी आहे, पैसे कमवायलाच बसली आहे, 2003 मध्येपण तशीच बसली होती. सँड्स ऑफ टाइमनंतर वर्षभरात, 2004 मध्ये, त्यांनीच वॉरियर विदिन हा पुढचा भाग काढला, त्या हळव्या, गोष्टीवेल्हाळ प्रिन्सला रागीट केलं, मागे गोडस्मॅक बँडची मेटल गाणी लावली. तेव्हा कोणी विचारलं होतं का क्लासिकचं काय होईल म्हणून? पैशासाठी केलेलं काम चांगलंही होतं आणि वाईटही होतं, केवळ त्यावरून काहीच ठरत नाही.

अपमानाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. 2021 मध्ये जीटीए ट्रिलॉजीची, म्हणजे जीटीएच्या तीन जुन्या गेमची, डेफिनिटिव्ह एडिशन आली ती बघवत नव्हती, पात्रांचे चेहरे बिघडलेले, पाऊस असा की समोरचं दिसेना, ती काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला माफी मागावी लागली. आणि त्याहून वाईट म्हणजे नवीन काढायच्या आधी जुने तीन गेम दुकानातून काढून टाकले होते, लोक चिडल्यावर पीसीवर परत आणले. वॉरक्राफ्ट थ्री या गेमच्या नव्या आवृत्तीचं 2020 मध्ये तेच, नवीन घ्या नका घेऊ, जुना गेमसुद्धा नवीन प्रोग्राममधूनच चालवावा लागला. हा खरा अपमान. पण नीट बघा, राग कशाचा आला? घाईत केलं आणि जुनं हिसकावून घेतलं, याचा. याच्या उलट रेसिडेंट ईव्हिल टू हा भीतीचा गेम घ्या. 1998 चा गेम, कॅमेरा भिंतीला ठोकून बसवल्यासारखा. कॅपकॉमने 2019 मध्ये तो पार नवा बनवला, कॅमेरा खांद्यामागे आणला, आणि तरी ते पोलीस स्टेशन, ती भीती, मागे येणारे बुटांचे आवाज, सगळं शाबूत. मूळ गेम स्वतः कॅपकॉमचा, म्हणजे घरच्याच लोकांनी केलं, यात कोणाचा अपमान झाला? सायलेंट हिल टू या तसल्याच गेमचा रिमेक 2024 मध्ये तर पोलंडच्या ब्लूबर टीमने, म्हणजे बाहेरच्या स्टुडिओने केला, ट्रेलर आला तेव्हा त्यांना किती शिव्या पडल्या होत्या, आणि गेम आल्यावर त्याच लोकांनी तोंड भरून कौतुक केलं.

आता पुण्यावर येतो.

सप्टेंबर 2020 मध्ये रिमेकची घोषणा झाली, काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओत. ट्रेलर आला आणि ग्राफिक्स जुनाट दिसतात म्हणून जगभरातून झोडपलं. ट्रेलर भारी नव्हता, मी स्वतः बघून हिरमुसलो होतो, ते लपवत नाही. गेम जानेवारी 2021 मध्ये येणार होता, मग मार्च म्हणाले, मग तारीखच काढून टाकली. मे 2022 मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं. म्हणजे ज्या स्टुडिओने 2003 चा मूळ गेम बनवला त्यालाच. मग काय झालं? 2022 गेलं, 2023 गेलं, 2024 मध्ये एक छोटा टीझर आला, 2026 मध्ये येतोय म्हणाले, 2025 पण गेलं, आणि 2026 उजाडल्यावर रद्द. साडेतीन वर्षांच्या वर. माँट्रियलकडे अनुभव होता, नाव होतं, मूळ गेम त्यांच्याच हातचा होता, तरी शेवट असा. मग सगळं खापर पुण्याच्या डोक्यावर कसं फुटतं ते मला कोणीतरी समजावून सांगा. एवढा गाजलेला गेम, वर लॉकडाउनचं वर्ष, आणि घोषणेपासून रिलीजपर्यंत चार महिने, या तारखा पुण्यात बसलेला ॲनिमेटर ठरवत नाही. काम कोणाला द्यायचं, किती वेळ द्यायचा, कधी काढून घ्यायचं, हे वर ठरतं, आणि शिव्या मात्र खाली पडतात.

आणि सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की हे शिव्या घालणारे आपलेच आहेत. ‘इंडियन स्टुडिओ ना, मग असंच होणार’ हे मराठीत टाइप करताना जरा तरी थांबावं. याच पुण्याच्या स्टुडिओने जस्ट डान्स या नाचाच्या गेमवर वर्षानुवर्षं काम केलंय, तो लावून जगभर लोक घराघरात नाचतात, तेव्हा कोणी म्हणालं नाही की बघा इंडियन स्टुडिओ.

मला तर हा गेम इथे बनायलाच हवा होता असं वाटायचं, आणि त्याचं कारण गेममध्येच आहे. गोष्ट सुरू कुठे होते? हिंदुस्थानात, एका महाराजाच्या महालात. प्रिन्स आणि त्याचा बाप तो महाल लुटतात, वाळूचं घड्याळ आणि खंजीर तिथूनच चोरलेले आहेत. फराह त्याच महाराजाची मुलगी. पुढे एका अंधाऱ्या जागी ती प्रिन्सला सांगते की लहानपणी भीती वाटली की आईने शिकवलेला एक शब्द म्हणायचे, म्हटला की जादूचा दरवाजा उघडेल असं आई म्हणायची. तो शब्द इंग्रजी उच्चारात असा काही येतो की जगभरच्या पोरांना ती निव्वळ जादूची बडबड वाटली, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. कितीतरी वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला, अरे, हे तर काकोलूकीयम्! पंचतंत्राचं तिसरं तंत्र, कावळे आणि घुबडांचं. गेमच्या शेवटी वेळ मागे गेलेली असते, फराहला काहीच आठवत नसतं, ती त्याला नाव विचारते आणि तो जाता जाता तेवढा एक शब्द म्हणतो. तिच्या आईचा शब्द याला कसा माहीत, ती बघतच राहते. पंचतंत्र ऐकत मोठी झालेली माणसं या सीनवर बसली असती तर फराहच्या तोंडी तो शब्द नीट आला असता, तिच्या आईचा महाल आपल्याकडच्या महालासारखा दिसला असता. हे सगळं आता होणार नाही आणि लोक ‘बरं झालं’ म्हणतायत.

भाच्याला मी ही कावळे-घुबडांची गोष्ट सांगितली, तर म्हणाला मामा, गेममध्ये तो शब्द कुठं येतो? म्हटलं लिफ्टच्या पुढे. लॅपटॉप त्याने परत उघडला नाही.