हिटलर, नोंदणी आणि जप्ती : फॉरवर्डमध्ये न सांगितलेलं

अमेरिकेत बंदुकांच्या नोंदणीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो, आणि तिकडच्या मराठी मंडळींकडून तो आपल्याही ग्रुपवर येऊन पडतो. सार असं : हिटलरने १९३८ साली नोंदणी आणली, मग सगळ्या जर्मनांच्या बंदुका काढून घेतल्या; ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही तेच झालं; म्हणून आज नोंदणीला हो म्हणाल तर उद्या पोलीस दारात.

हिटलरचं आधी. परवान्यांची पद्धत त्याने आणलेली नाही. ती बसवली १९२८ च्या कायद्याने, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाही जर्मनीने, वायमार प्रजासत्ताकाने. मार्च १९३८ च्या नाझी कायद्याने सामान्य जर्मनांसाठी नियम उलट सैल केले. रायफल आणि शॉटगन घ्यायला परवाना लागेनासा झाला, वयाची अट २० वरून १८ वर आली, परवान्याची मुदत एका वर्षाची तीन वर्षं झाली. शस्त्रं हिसकावली ती ज्यूंची. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री नाझींनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळले, दुकानं फोडली आणि ११ तारखेला ज्यूंना शस्त्रबंदी करणारा हुकूम निघाला. त्या कामात पोलिसांना परवान्यांच्या जुन्या नोंदी उपयोगी पडल्या, हे खरं आणि ते लपवायचं कारण नाही. पण ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क १९३५ सालीच गेले होते. ‘सगळ्या जर्मनांच्या’ असं लिहिलं की ज्यूंवरचा अत्याचार बंदूकवाल्यांवरचा अत्याचार होऊन बसतो. मला मजकुरातल्या बाकी चुकांपेक्षा हेच जास्त खटकतं.

न्यूझीलंडचं उदाहरण तर मजकुरावरच उलटतं. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ माणसं गेली. सरकारने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक (घोडा दाबला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप भरली जाते) बंदुकांवर बंदी घातली आणि पैसे देऊन सुमारे ५६ हजार बंदुका परत घेतल्या. सक्ती होती, तेव्हा जप्ती म्हणा हवं तर. पण साध्या रायफली-शॉटगनची नोंदणी तिथे १९८३ पासून बंदच होती. परवाना माणसाला, बंदुकीची नोंद नाही. त्यामुळे देशात अशा बंदुका नेमक्या किती, हे सरकारलाच ठाऊक नव्हतं. नवं नोंदणी-दफ्तर सुरू झालं जून २०२३ मध्ये. ऑस्ट्रेलियातही १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर बंदी आणि देशभरची नोंदणी एकाच निर्णयात आली. टास्मानिया-क्वीन्सलँडमध्ये त्याआधी लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी नव्हती.

आता खुद्द अमेरिका. मशीनगनची नोंदणी तिथे १९३४ पासून आहे; मालकाचं नाव, बंदुकीचा क्रमांक, बोटांचे ठसे, सगळं केंद्र सरकारकडे. १९८६ साली नागरिकांसाठी नव्या मशीनगन बंद केल्या, पण आधी नोंदवलेल्या कुणी काढून घेतल्या नाहीत. त्या आजही कायदेशीर विकल्या जातात, किमती हजारो डॉलरच्या घरात. त्याच १९८६ च्या कायद्याने साध्या बंदुकांचं केंद्रीय नोंदणी-दफ्तर करायला मनाई केली. ती किती कडक, हे वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला, गुन्ह्यातल्या बंदुकांचा माग काढणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयात, दिसतं. बंद पडलेल्या दुकानांचे विक्रीचे कागद तिथे खोक्यांनी येतात. ते स्कॅन होतात, पण खरेदीदाराच्या नावाने शोध घेण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. गुन्ह्यातली बंदूक कुणाची हे काढायचं तर कर्मचारी एकेक पान नजरेखालून घालतात.

तरीही भीती निराधार नाही, आणि तिचं खरं उदाहरण मजकुरात नाहीच. न्यूयॉर्क शहराने १९६७ साली रायफल-शॉटगनची नोंदणी सुरू केली तेव्हा बंदुका घेण्याचा कुठलाही इरादा नसल्याचं सांगितलं जात होतं. १९९१ साली शहराने काही प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घातली आणि नोंदणी केलेल्या मालकांना पत्रं गेली : बंदूक जमा करा, निकामी करा किंवा शहराबाहेर न्या. हिटलरला बाजूला ठेवून हे उदाहरण दिलं असतं तर वाद घालायला मजा आली असती. निदान मग नोंदी कुणाला पाहता येतील, पुढे बंदी आली तर जुन्या मालकांना सूट राहील का, असे कलमांतले प्रश्न तरी निघाले असते.