कर्ज नाकारलेले सुपरहिरो

मार्वल या सुपरहिरोवाल्या अमेरिकी कंपनीची आयर्नहार्ट मालिका आली तेव्हा भाच्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं, "बघायला घेतलीस का?" दोन तासांनी उत्तर आलं, "नाही मामा. तू बघ आणि काय झालं ते सांग." खाली एक अंगठा.

हाच मुलगा २०१९ च्या एप्रिलमध्ये कालनिर्णयच्या जुन्या पानामागे मार्वलच्या एकवीस सिनेमांची यादी काढून बसला होता. अकरा वर्षांचा होता. बाविसावा, एंडगेम, यायच्या आधी सगळे क्रमाने परत बघायचे आणि एकेकावर टिक मारायची. ठाण्याच्या विवियाना मॉलमधून एंडगेम बघून परत येताना रिक्षात कॅडबरी सिग्नलपासून नितीन कंपनीपर्यंत एक शब्द बोलला नाही. नाक ओढत होता. मीही बाहेरच बघत होतो, उगाच कशाला.

आता कुणी म्हणेल, पोरगा मोठा झाला, सुटला नाद. तसं नाही. बारावीच्या वर्षात पठ्ठ्याने नेटफ्लिक्सच्या काळातली जुनी डेअरडेव्हिल दोनदा बघितलीय (ताई ही पोस्ट वाचत असेल तर हे वाक्य सोडून पुढे जा). म्हणजे लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आलाय वगैरे मला पटत नाही. सुखकर्ता दुखहर्ता आपण दरवर्षी म्हणतोच की. तेच ते असण्याने कोणी कंटाळत नाही, म्हणणाऱ्याने नुसतं उरकायला घेतलं की मग लगेच कळतं.

मार्वलच्या मालिका उरकल्या गेल्या. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे, पण ते नीट सांगतो, कारण यात साडेचार वर्षं आणि हॉटस्टारची वर्गणी गेलेली आहे.

जानेवारी २०२१. वांडाव्हिजन सुरू झाली. भारतात नवा भाग शुक्रवारी दुपारी दीडला यायचा. माझं वर्क फ्रॉम होम, भाच्याची ऑनलाइन शाळा आमच्याकडेच, आणि आई डाळिंब्या सोलत बसलेली. पहिला भाग ब्लॅक अँड व्हाइट. आईला वाटलं जुनं काहीतरी लावलंय, म्हणून तिने मान वर केली. गोष्ट काय, तर नवऱ्याचे साहेब सपत्नीक जेवायला येणार आणि घरात काही केलेलं नाही. बायको चेटूक जाणते, पण पाहुण्यांना ते कळू द्यायचं नाही. स्वयंपाकघरात भांडी हवेत उडतायत आणि बाहेर नवरा साहेबांना गुंतवून ठेवतोय. आईने मार्वलचा एकही सिनेमा बघितलेला नव्हता. वांडा कोण, व्हिजन कोण, तो आधीच मेलेला आहे, काही म्हणजे काही माहीत नाही. तरी डाळिंब्या बाजूला ठेवून पूर्ण भाग बघितला आणि साहेबांच्या घशात घास अडकल्यावर जे घडतं तिथे एकदम गंभीर झाली. "हिचं काहीतरी बिनसलंय गं बाई," म्हणाली. नऊ भागांची मालिका ज्या प्रश्नावर उभी होती तो तिला पहिल्याच भागात सापडला.

याला मी टीव्ही म्हणतो. भाग स्वतःच्या पायावर उभा आणि वर पुढच्या शुक्रवारची ओढ. शेवटी मात्र याच मालिकेत दोन चेटकिणी आकाशात उडून एकमेकींवर रंगीत गोळे फेकायला लागल्या आणि आई उठून कुकर लावायला गेली. तेव्हा मी म्हटलं, चालायचंच, एवढं माफ. तिथेच चुकलं. तो शेवटचा भाग म्हणजे पुढच्या चार वर्षांचं वेळापत्रक होतं.

मग मार्चमध्ये फाल्कन अँड द विंटर सोल्जर. तिच्यातला एक प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. सॅम विल्सन, म्हणजे फाल्कन, बहिणीला घेऊन बँकेत जातो. आईवडिलांची मासेमारीची बोट वाचवायची आहे, कर्ज हवंय. समोरचा अधिकारी त्याला ओळखतो, खूश होतो आणि कर्ज नाकारतो. कारण पाच वर्षांचं उत्पन्नच दिसत नाही. दिसणार कसं? थॅनॉस नावाच्या खलनायकाने चुटकी वाजवून अर्धं जग गायब केलं, त्यात हा माणूस पाच वर्षं नाहीसा झाला होता!

मी घोडबंदरच्या फ्लॅटसाठी एका बँकेत बसलो होतो तेव्हा समोरच्या बाईंनी माझ्या स्टेटमेंटवर पेन्सिल टेकवून विचारलं होतं, "या आठ महिन्यांत आपण काय करत होतात?" प्रोजेक्ट बंद पडलं होतं हो मॅडम, ऐरोलीच्या अर्ध्या मजल्याचं पडलं होतं. सिबिल उत्तम, पण आठ महिन्यांची भोकं बुजेनात. त्यामुळे सॅमच्या चेहऱ्यावरचं ते ओशाळं हसू मी ओळखलं. वाटलं, आता मजा येणार. जगाला वाचवणाऱ्या माणसाला हप्ता कसा परवडतो यावर सहा भाग!

कसचं काय. बोट कोपऱ्यात गेली आणि फ्लॅग स्मॅशर्स नावाची, मास्क घातलेली टोळी मध्ये आली. तिला नक्की काय हवंय ते तिलाही धड सांगता येईना. आयझाया ब्रॅडली नावाच्या म्हाताऱ्या सैनिकाची हलवून टाकणारी गोष्ट होती, त्याच्यावर सरकारने प्रयोग केले आणि वर तीस वर्षं तुरुंगात डांबलं. तिला मिळून वीसेक मिनिटं दिली असतील. बनवणारे तेव्हा कौतुकाने सांगत होते की ही मालिका नाहीच, हा सहा तासांचा सिनेमा आहे. अरे पण सहा तासांचा सिनेमा मागितला होता कुणी? सिनेमाचे सहा तुकडे केले की पहिल्या तुकड्यात ओळख, शेवटच्यात मारामारी आणि मधल्या चारांत माणसं गाडीत बसून इकडून तिकडे जातात. मून नाइट, हॉकआय, मिस मार्वल, सगळ्यांचं कमीजास्त तेच.

मिस मार्वलचं मला जास्त वाईट वाटतं. जर्सी सिटीतलं ते देसी घर इतकं खरं होतं की आई पुन्हा येऊन बसली. नायिका कमलाच्या वडिलांना बघून ओरडली, "अरे, हा तर झीवरचा साप-सीढीवाला!" मोहन कपूर, त्या गेम शोचा सूत्रसंचालक. नव्वदीत ज्यांच्या घरी केबल होती त्यांना तो आठवत असणार. मशीद, लग्न, आईची करडी नजर, मुलीची खोटी कारणं, सगळं जमलेलं. मग कथा कराचीला गेली, फाळणीच्या गाडीपर्यंत पोचली. तो फलाटावरचा गर्दीचा प्रसंग चांगलाच आहे. पण त्या सगळ्यात खलनायिकेला वेळ उरला नाही. तिचं मन दोन मिनिटांत पालटलं आणि तीही संपली. सहाच भाग ना, काय करणार.

एक न पटणारं मत : शी-हल्क, म्हणजे हिरवी अजस्र बाई होऊ शकणाऱ्या वकिलाची मालिका, इतकी वाईट नव्हती. अर्ध्या तासाचा भाग, बहुतेकांत एखादा खटला, थोडा टवाळपणा. ग्राफिक्सवरून लोकांनी तिला झोडली. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा रोटोचं काम करतो, म्हणजे फ्रेममधल्या माणसाची कड हाताने कापून काढायची. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यात नटीचे मोकळे केस. तो म्हणतो, "काका, कॉम्प्युटरला दोष देऊ नका. फायनल झालेला शॉट सोमवारी पुन्हा येतो ना, तिथे वाट लागते." तो कुठल्या कामावर असतो ते सांगत नाही, गुप्ततेची सही करून दिलेली असते. पण सप्टेंबर २०२३ मध्ये मार्वलच्याच व्हीएफएक्सवाल्यांनी, म्हणजे हे ग्राफिक्स करणाऱ्यांनी, एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं, ते काही हौसेने नाही.

शी-हल्कच्या शेवटच्या भागात तर ती बया नेहमीची मारामारी सुरू होताच स्वतःच्या मालिकेतून बाहेर पडते, डिस्ने प्लसच्या मेन्यूत शिरते आणि केव्हिन नावाच्या यंत्राला जाऊन विचारते, सगळ्यांचे शेवट सारखेच का? म्हणजे २०२२ मध्ये रोग घरात माहीत होता. विनोदही करून झाला होता. औषध कुणी घेतलं नाही.

आणि २०२३ मध्ये सीक्रेट इन्व्हेजन. सॅम्युअल जॅक्सन, ऑलिव्हिया कोलमन, एमिलिया क्लार्क. रूप बदलणारे परग्रहवासी माणसांत मिसळलेत, कुणावर विश्वास ठेवायचा? या कल्पनेवर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा थरार निर्माण करता येईल. यांनी सुरुवातीची नामावळी एआयकडून काढून घेतली आणि पुढची पटकथाही तशीच वाटावी अशी लिहिली. एक प्रसंग सोन्यासारखा : निक फ्युरी, म्हणजे जॅक्सनचा गुप्तहेर, आणि त्याची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर, हाताशी पिस्तुलं आणि तोंडी कविता. बाकी शेवटी दोघंजण आलटून पालटून अ‍ॅव्हेंजर्सचे, म्हणजे मार्वलच्या मुख्य सुपरहिरोंचे, हात-पाय उगवून एकमेकांना बदडतात. फ्युरीची जुनी सहकारी मारिया हिल, तिला तर पहिल्याच भागात मारलं, केवळ आपण गंभीर आहोत हे दाखवायला.

तेही गिळलं. पण नोव्हेंबरमध्ये द मार्वल्स सिनेमा आला, त्यात हाच निक फ्युरी अंतराळ स्थानकावर मांजरांच्या गोंधळात हसतोय, जणू जून-जुलैत त्या मालिकेत काही घडलंच नव्हतं. माझं डोकं तिथे फिरलं. मालिका बघितली नाही तर सिनेमा कळणार नाही, या धाकावर तुम्ही आम्हाला बुधवार-बुधवार बसवलंत. आम्ही गृहपाठ केला. आणि बाईंनी वह्या तपासल्याच नाहीत.

त्याच वर्षी लोकी या खोड्याळ देवाच्या मालिकेचा दुसरा सीझन मात्र तो एकटा सिंहासनावर सगळे काळ मुठीत धरून बसतो तिथे थांबला, आणि भाचा पुन्हा एकदा गप्प झाला. तेवढंच. म्हणजे जमतं त्यांना.

मार्वल स्टुडिओचे प्रमुख केव्हिन फायगी (त्या यंत्राला यांचंच नाव) यांनी जुलै २०२५ मध्ये स्वतःच हिशोब दिला. एंडगेमपर्यंत, म्हणजे बारा वर्षांत, साधारण ५० तासांचा माल. त्यानंतरच्या सहा वर्षांत १०० तासांच्या वर. मार्वलची मालक डिस्ने, तिचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर २०२४ मध्येच म्हणाले होते की वर्षाला चारऐवजी दोनच मालिका करू. मला आकड्यात फार रस नाही. आठवड्याला सहा भाग पाडणाऱ्या आपल्या मराठी मालिका आई इमानेइतबारे बघते, तिची तासांबद्दल तक्रार नसते. तिची तक्रार एकच, "आजच्या भागात काही झालंच नाही."

डेअरडेव्हिल: बॉर्न अगेनचं काम बरंच झाल्यावर २०२३ मध्ये यांनी ते थांबवलं, लेखक बदलले, टीव्ही कळणारा माणूस आणला आणि नव्याने जोडजाड केली. मार्च २०२५ मध्ये आली तेव्हा शिवण दिसत होती. पहिला भाग एका कापडाचा, दुसरा दुसऱ्याचा. त्यामुळे मी आशा सोडूनच बघत होतो. पाचव्या भागात आंधळा वकील मॅट मर्डॉक, म्हणजेच डेअरडेव्हिल, बँकेत जातो. फर्मसाठी कर्ज हवंय. समोर असिस्टंट मॅनेजर म्हणून कमलाचे वडील!

आत असलेल्या आईला हाक मारली. "आई, तुझा साप-सीढीवाला आलाय."

आली, चष्मा पुसत बसली. मॅनेजरने अतिशय प्रेमाने, चहा-पाणी विचारावं तसं हसत, कर्ज नाकारलं. मॅट बाहेर पडतो, दरोडेखोर आत शिरतात, मॅट पुन्हा आत येतो. सगळं त्या एका इमारतीत. जग बुडत नाही, आकाशात भोक पडत नाही, मागचा काही संदर्भ लागत नाही. चाळीसेक मिनिटांत सुरू होऊन संपलं. आईने मध्ये एकदाही "हा कोण?" विचारलं नाही.

संपल्यावर फक्त एवढंच विचारलं, "एवढं करून मग कर्ज दिलं का रे त्याला?"

भाच्याला हे जसंच्या तसं पाठवलं. या वेळी उत्तर लगेच आलं : "कितवा भाग?"