दिवे घालवा, बिल भरा!

वीज कंपनी म्हणे, विजेच्या युनिटच्या दराला हातही लावलेला नाही. वा! मग बिल फुगलं कशानं? स्थिर आकारानं. म्हणजे मेन स्विच पाडा, दाराला कुलूप लावा, महिनाभर गावाला जा, परत येईतो बिल हजर. कशाचं? मीटर भिंतीला लटकलाय त्याचं! शिवाय वहन आकार, वीज घरापर्यंत आणली म्हणून. न आणता कशी विकणार होतात, पोत्यात भरून? मग इंधन समायोजन. कोळसा महागला की ते टुणकन चढतं; स्वस्त झाला की उतरायला मात्र त्याचे पाय दुखतात. आणि या सगळ्या आकारांवर पुन्हा कर!

वर आम्हालाच उपदेश : वीज वाचवा. अहो, ९ वॅटचा दिवा सलग १०० तास जाळला तरी एक युनिट भरत नाही. तो घालवून काय वाचवू? अंधारात बसून स्थिर आकार भरू?

पटत नसेल तर वीजदराच्या सुनावणीला या, हरकत नोंदवा म्हणतात. कधी? कामाच्या दिवशी, भर दुपारी. आणि शंभर पानी प्रस्ताव वाचून या. येतोच की, बिल भरायला पगार तुम्हीच देणार असाल तर!