एक भागिले शून्य

सॉफ्टवेअरवाल्याला एरर दिसली की त्याचं तोंड उतरतं. चुका आपणहून कळवणारं मॉनिटरिंग बसवल्यावर ते चालतं का हे तपासायचा दिवस तेवढा उलटा. त्या दिवशी एरर दिसत नाही म्हणून तोंडं उतरतात. नागपुरातला मे महिना, आयटी पार्कातलं ऑफिस, एसीने मान टाकलेली आणि चार शिकलीसवरली माणसं एका स्क्रीनकडे डोळे लावून बसलेली.

"आली का बे?"

"नाही ना राजा. काहून येऊन नाही राहिली, समजूनच नाही राहिलं."

चहावाले काका कौतुकाने विचारतात, "कोण येणार हाय भाऊ?" त्यांना काय सांगणार?

एरर आणायची रीत अधिकृत आहे. सेंट्री म्हणजे एरर टिपून डॅशबोर्डवर दाखवणारी सेवा. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कसाठीच्या तिच्या माहितीतच ती रीत दिलेली आहे: 'सेंट्री-डीबग' नावाचा एक तात्पुरता यूआरएल करायचा आणि त्याच्या मागे १ ला ० ने भागायचं. ब्राउझरमध्ये तो उघडला की ५०० हा सर्व्हरच्या चुकीचा कोड दिसतो, सगळ्यांना आनंद होतो. डॅशबोर्डवर मात्र शुकशुकाट.

पहिला संशयित डीएसएन, म्हणजे एरर कुठे पाठवायची तो पत्ता. हा पत्ता रिकामा राहिला तर एसडीके (ॲपमध्ये बसवलेली सेंट्रीची लायब्ररी) हूं की चूं करत नाही, निमूटपणे काहीच पाठवत नाही. म्हणून आधी डीबग ट्रू करावं, म्हणजे निदान त्याच्या मनात काय चाललंय ते टर्मिनलवर कळतं. दुसरा संशयित फिल्टर. एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे ॲप कुठे चालतंय त्याचं, नाव दिलं नसेल तर सेंट्री ते 'प्रॉडक्शन' धरते, आणि आपण 'स्टेजिंग'चा, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरचा, फिल्टर लावून एररची वाट बघत असतो. तिसरा माझा लाडका आहे: बिफोर-सेंड. मोबाइल नंबर, पासवर्ड वगैरे गाळण्यासाठी कुणीतरी हे फंक्शन लिहितं, झकास गाळतं, आणि शेवटी इव्हेंट (एररची नोंद) रिटर्न करायला विसरतं. पायथनमध्ये रिटर्न नाही म्हणजे नन, अर्थात 'काहीच नाही', आणि नन म्हणजे 'हा इव्हेंट फेकून दे'. गाळणीत चहापत्तीसकट चहाही गेला.

थेट पायथन शेल उघडून त्यात १/० टाकणारे महात्मेही असतात. संवादी शेलमधल्या चुका एसडीके आपणहून उचलतच नाही, त्यामुळे तिथे दिवसभर भागाकार केला तरी फळ नाही. क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, छोट्या स्क्रिप्टची तऱ्हा वेगळी. इव्हेंट पडद्यामागच्या थ्रेडमधून जातात, पायथनचा एसडीके बाहेर पडताना साधारण २ सेकंद थांबतो, आणि प्रोसेसला त्याआधीच कुणी किल केलं तर एररही तिच्यासोबत जाते. तिथे शेवटी फ्लश करावं, म्हणजे साठलेलं सगळं आधी पाठवून द्यावं. आणि 'एक्सेप्ट, पास' लिहून चूक गिळणाऱ्यांपुढे तर कुठलंच टूल चालत नाही.

इथपर्यंत फक्त एरर झाली. खरा घाम ट्रेसिंगमध्ये, म्हणजे एक रिक्वेस्ट कुठून कुठे गेली याचा माग काढण्यात, निघतो.

ओपन-टेलिमेट्री ही ट्रेस गोळा करायची खुली व्यवस्था २०१९ मध्ये दोन प्रकल्प एकत्र करून झाली, आणि दोन पोर्टांचा घोळ आपल्या वाट्याला आला: ट्रेस पाठवायच्या दोन पद्धतींपैकी जीआरपीसीला ४३१७, एचटीटीपीला ४३१८. उलटं दिलं की ट्रेस गायब, ॲप मात्र मजेत चालू. सर्व्हिसचं नाव दिलं नाही तर सगळ्या सेवा 'अननोन सर्व्हिस' म्हणून एका रांगेत उभ्या राहतात. त्यात स्पॅन (ट्रेसमधले एकेक टप्पे) बॅचने जातात, डीफॉल्टला दर ५ सेकंदांनी. तेवढाही दम न धरता माणूस कॉन्फिगरेशन बदलतो, तोवर आधीचा ट्रेस येतो, आणि श्रेय चुकीच्या बदलाला मिळतं. पुढे हाच बदल 'आपला फिक्स' म्हणून विकीवर चढतो.

सॅम्पलिंगचंही, म्हणजे ट्रेसपैकी किती ठेवायचे त्या दराचंही, तसंच. दर ०.१ ठेवून दहा रिक्वेस्ट मारल्या, तर एकही ट्रेस न दिसण्याची शक्यता जवळपास ३५ टक्के. तपासताना दर १.० च करावा, आणि नंतर उतरवावा. न उतरवल्यास महिन्याचा कोटा आठवड्यातच संपतो आणि मग कुणालाच काही दिसत नाही.

अंदाजपंचे क्लिक करण्यापेक्षा कर्लने (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टूलने) स्वतःचा ट्रेसपेरेंट हेडर, म्हणजे ट्रेसची ओळखचिठ्ठी, पाठवावा, हे माझं ठाम मत. ००, मग ३२ अक्षरी ट्रेस आयडी, मग १६ अक्षरी स्पॅन आयडी, शेवटी ०१; मधल्या तीन डॅशसकट ५५ अक्षरं. अक्षरं फक्त ० ते ९ आणि स्मॉल ए ते एफ. आयडीत सगळी शून्यं चालत नाहीत, आणि शेवटी ०१ ऐवजी ०० लिहिलं तर 'नोंद ठेवू नका' असं आपणच सांगून बसतो. मग जेगर या ट्रेस बघायच्या टूलमध्ये, १६६८६ पोर्टवर, तोच आयडी शोधायचा. पालक स्पॅन सापडत नाही अशी कुरकुर तो करेल. करू द्यावी, तो आपणच मनाने रचलेला असतो.

ट्रेसचा धागा हमखास तुटतो तो क्यूपाशी, म्हणजे कामांच्या रांगेपाशी. एचटीटीपीचा हेडर लायब्ररी आपोआप लावते, पण मेसेज क्यूत टाकताना कॉन्टेक्स्ट (ट्रेस आयडी वगैरे) त्याच्या हेडरमध्ये घातला नाही, तर ते काम उचलणाऱ्या वर्करकडे नवाच ट्रेस सुरू होतो. नागपुरातल्या कळमना बाजारातून बिनचिठ्ठीची संत्र्याची पेटी निघाली की माल दिल्लीला पोचतो, फक्त तो कुणाचा ते कळत नाही, तसं. थ्रेड पूलमध्येही हेच होतं.

ब्राउझरकडून तपासताना तर भीक नको पण कुत्रं आवर. फ्रंटएंड (ब्राउझरातला भाग) एपीआयला (मागच्या सर्व्हरला) सेंट्री-ट्रेस आणि बॅगेज हे दोन हेडर लावून पाठवतो. एपीआय दुसऱ्या डोमेनवर असेल आणि तिच्या कॉर्सच्या, म्हणजे परक्या डोमेनवरून काय चालेल त्याच्या, यादीत ही नावं नसतील, तर ब्राउझर अख्खी रिक्वेस्टच अडवतो. साइट पडली तर कळावं म्हणून जे बसवलं, त्यानेच साइट पाडली.

राहता राहिला अलर्ट. सेंट्री सारख्या एररचा एक गट करते, तो इश्यू. 'नवा इश्यू' असा नियम असेल तर मेल एकदाच येतो. तोच १/० पुन्हा मारला की तो जुन्याच गटात जातो, नवा म्हणून धरला जात नाही. म्हणून आधीचा इश्यू रिझॉल्व्ह करायचा, नियमात 'इश्यू परतला तर' हीही अट टाकायची आणि पुन्हा भागायचं. मेल आला की टाळ्या होतात, इश्यू परत रिझॉल्व्ह होतो, मंडळी तर्री पोह्यांकडे वळतात. तो तात्पुरता यूआरएल काढायचं नेमकं राहून जातं. मग रात्री दोनला यूआरएल चाचपत फिरणारा एखादा बॉट तिथे येतो, १ ला ० ने भागतो, आणि ड्यूटीवरच्या ऑनकॉलवाल्याचा फोन पहिल्याच झटक्यात वाजतो.